भेटीचं पातेलं

पठारावरच्या सुसाता गावात असं स्वयंपाकघर नव्हतं, जिथल्या पातेल्यावरचं झाकण एदिल्मा कास्तिब्लांकोनं उचललं नव्हतं. बारा वर्षं ती लास गार्सास या फुलांच्या मळ्यासाठी माणसं निवडत होती. डिसेंबर सरत आला, की पठारावरच्या प्लॅस्टिकच्या छपरांखाली गुलाब डोळे किलकिले करायचे. फेब्रुवारीत ते दूरदेशीच्या प्रेमिकांना पोचायला हवेत, म्हणून मळ्याला हात हवे असायचे. कचेरीच्या दाराशी रांग लागायची. कागदाच्या दुकानातून आणलेला छापील अर्ज, कोपऱ्यात फोटो, आणि थंडीनं निळे पडलेले ओठ.

अर्जावर एदिल्माचा विश्वास नव्हता. कागदावर सगळेच कष्टाळू असतात, असं ती म्हणे. ती घरी जायची. नोकरी देण्याआधी घर बघायची रीतच होती, पण इतर जण उंबऱ्यातून बघून परत फिरत. एदिल्मा थेट चुलीपाशी जायची.

तिची मतं गावाला पाठ होती. कांदा मोठ्या आचेवर करपवणारी बाई घाईत गुलाबाचा देठ मोडणार. टीव्हीवर विणलेला रुमाल टाकणारं घर वस्तू जपतं, ते कात्रीसुद्धा जपेल. तीन साबण दोनाच्या किमतीत घेतले म्हणून मिरवणाऱ्याला हिशोब कळत नाही, कारण तिसरा साबण हातात घेताच झिजतो. मुलाखतीला नवे बूट घालून येऊ नये, चावतात आणि तोंडावर दिसतं. आणि गुळाच्या पाण्याला उकळी फुटेपर्यंत जो चुलीपाशी उभा राहतो, त्याला डोळे मिटून कामावर घ्यावं.

बाजारात बटाटे निवडताना बायका तिला विचारायच्या, ती सांगायची. तिच्या बोलण्यात कधी प्रश्नचिन्ह नसायचं.

आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी, गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं असताना, कचेरीच्या फळ्यावर एक कागद लागला. मळा नव्या मालकांनी घेतला होता. कचेरीतल्या प्रत्येकाचंही घर बघितलं जाणार होतं. शहरातून एक बाई येणार होती. एदिल्माच्या नावापुढे लिहिलं होतं: गुरुवार, नऊ ते बारा.

तिनं ते तीनदा वाचलं. पेन्शनला तीन वर्षं उरली होती. चौपन्नाव्या वर्षी या पठारावर कुणी कुणाला कामावर ठेवत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पन्नाशीच्या वरच्यांचे अर्ज तीच खाली सरकवत आली होती.

तिला त्या भेटीची भीती वाटली. कारण एदिल्माच्या घरी चूल पेटत नव्हती.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. एकटीसाठी कांदा चिरायला हात उचलेना. कोपऱ्यावरच्या बेकरीत चीजची भाकरी आणि कपभर गरम चॉकलेट, सकाळ-संध्याकाळ तेच. हे झालं एक. दुसरं याहून वाईट होतं. तिचा फ्रिज केव्हाच बंद पडला होता आणि त्यात अर्ज भरलेले होते. नाकारलेल्यांचे अर्ज फाडून टाकायचे, असा मळ्याचा नियम. कचेरीतला कागद घरी नेला तर नोकरी गेलीच. पण चेहरा चिकटवलेला कागद फाडायचा कसा? पहिल्या वर्षी एक फाडायला घेतला, तर फोटोतल्या माणसाचा डावा डोळा तिच्या बोटात राहिला. त्या दिवसापासून ती ते पिशवीतून घरी आणू लागली. उंदरांना फ्रिजचं दार उघडता येत नाही, म्हणून तिथे ठेवू लागली. बारा वर्षांचे चेहरे. कधी दार उघडलंच, तर ते सगळे एकदम तिच्याकडे बघायचे.

आता नेऊन टाकावेत कुठे? जाळले तर धूर दिसणार. कचऱ्यात टाकले तर फोटो रस्त्यावर येणार. बुधवारी ती दुपारीच घरी आली आणि निदान चूल तरी जिवंत दिसावी म्हणून तिनं कांदा-टोमॅटो परतायला घेतला. घाई झाली होती. आच मोठी झाली. कांदा करपला.

वास शेजारी गेला. शेजारीण ब्रिसेइदा मळ्यावरच्या कामाची पाळी संपवून नुकतीच परतली होती, बोटांवर अजून काट्यांचे ओरखडे होते. आठ वर्षांपूर्वी एदिल्मानंच तिला फुलं बांधायच्या कामावर घेतलं होतं.

"दोन्या एदिल्मा, काय जाळताय? आता तुम्हाला कामावर कोण घेणार?" ती दारातून हसत म्हणाली. मोठ्या बाईला मानानं दोन्या म्हणायची तिथली रीत. मग तिनं एदिल्माचा चेहरा बघितला आणि हसणं आवरलं. "उद्या येणार ना ती बाई?"

"उद्या."

"मग रडता काय? बसा तुम्ही. मी भेटीचं पातेलं पाठवते."

"कसलं पातेलं?"

ब्रिसेइदा घुटमळली. "जाऊ द्या, सांगून टाकते. तुम्ही कुणाच्या घरी जाणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळतं. मळ्याचा चौकीदार सांगतो. मग पातेलं त्या घरी जातं. सध्या बेकरीवालीच्या बहिणीकडे आहे."

तासाभरात दोघीजणी ते घेऊन आल्या. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं एनॅमलचं पातेलं, काठाला नखाएवढा टवका उडालेला. आत कोंबडी, मका आणि तीन जातींच्या बटाट्यांचं दाट सार, वर ग्वास्कास या रानपाल्याचा वास. सोबत टीव्हीवर टाकायचा विणलेला रुमाल, मेणाच्या फळांची परडी आणि धुतलेले पडदे.

एदिल्मानं त्या टवक्यावर बोट फिरवलं. तिला तो ओळखीचा होता. किती घरांत तिनं तो बघितला होता! एकाच दुकानातून घेतलेली पातेली एकाच जागी टवके धरतात, असं तिनं कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं. सगळ्या घरांत त्याच पाल्याचा वास येतो, तेव्हा ती म्हणायची, आमच्या बायकांच्या हाताला एकच चव आहे.

"सगळ्यांकडे हेच होतं?"

"सगळ्यांकडे कसं असेल, सुमर्से?" ब्रिसेइदा हळू आवाजात म्हणाली. ममतेनं बोलताना पठारावरची माणसं असंच म्हणतात. "ज्यांचे शेजारी होते, त्यांच्याकडे. नवे आले, खालच्या उष्ण मुलखातून पळून आले, त्यांना कोण ओळखतं? त्यांच्याकडे कोण नेणार?"

बायका गेल्या. एदिल्मा फ्रिजसमोर उभी राहिली, पण तिनं दार उघडलं नाही. आतले चेहरे कुणाचे आहेत हे तिला आता कळलं होतं. बारा वर्षं तिनं माणसं निवडली नव्हती. कुणाला शेजार आहे आणि कुणाला नाही, एवढंच निवडलं होतं. 

गुरुवारी सकाळी एदिल्मानं सार पुन्हा गरम करायला ठेवलं आणि दहा वाजता शहरातली बाई आली. लीसेथ पुलिदो, वय सत्तावीस-अठ्ठावीस, पायात नवे बूट. चावत होते, तोंडावर दिसत होतं. तिनं पडदे बघितले, रुमाल बघितला, फळांची परडी बघितली. मग चुलीपाशी गेली आणि झाकण उचललं.

"वा! घरभर दरवळतंय. तुम्ही केलंत?"

एदिल्मानं तोंड उघडलं. हो म्हणणं किती सोपं होतं. बारा वर्षं लोक तिला हो म्हणत आले होते, आणि ती प्रत्येक वेळी खूष होऊन लिहीत आली होती. पण ती ज्या खुर्चीत बसली होती, तिच्या पाठीमागेच फ्रिज होता. पाठीत इतक्या डोळ्यांची टोचणी घेऊन तिला तो शब्द काही उच्चारता येईना.

"नाही," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "सार शेजारणीचं आहे. पातेलं गावाचं. रुमालही माझा नाही."

मुलगी गोंधळली. "अहो मावशी, मी एवढं विचारलं नाही. बरं, फ्रिज बघते आणि निघते."

"थांबा. मीच उघडते."

दार चिकटलं होतं, ओढून उघडावं लागलं. वरच्या कप्प्यापासून तळापर्यंत कागदच कागद. लीसेथनं पुढे वाकून बघितलं आणि एक पाऊल मागे सरली.

"हे कोण सगळे?"

"ज्यांच्याकडे मी झाकण उचललं, तर खाली नुसतं पाणी होतं, ते."

मुलगी खुर्चीत बसली. मांडीवर फळी ठेवून ती बराच वेळ लिहीत राहिली. बारा वर्षं टेबलापलीकडच्या माणसांचे अर्ज एदिल्मानं उलट्या बाजूनं वाचले होते. तिनं तेही वाचलं. 'मळ्याचे कागद घरी.' 'स्वयंपाकाबाबत आधी दिशाभूल.' आणि सर्वांत शेवटी दोन शब्द, जे ती स्वतः हजारदा लिहीत आली होती: 'शिफारस नाही.'

लीसेथ गेली. बाहेर दहिवर वितळून कौलांवरून ठिबकत होतं. एदिल्मानं सगळ्यात वरचा अर्ज घेतला. दोन महिन्यांपूर्वीचा. नेरेइदा मोस्केरा, उष्ण किनाऱ्यावरून आलेली, गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणारी. त्या घरात चूल होती, पातेलं नव्हतं. तिनं अर्ज घडी करून खिशात ठेवला, पातेलं दोन्ही हातांत उचललं आणि निघाली.

तिच्या हातात पातेलं बघून ब्रिसेइदा दारात आली. "कुणीकडे? आता ते तेरेसाकडे जायचंय. दुसऱ्या मळ्याची भेट आहे तिच्याकडे."

"त्या टोकालाही भेट आहे उद्या. त्या मळ्यानं तिच्याबद्दल मलाच विचारलं होतं."

"अहो, त्यांना कुणी ओळखत नाही!"

एदिल्मा थांबली नाही. गल्ली लांब नव्हती, पण सार हिंदकळत होतं. उद्या काय खायचं, भाडं कुठून भरायचं, कुणाच्या रांगेत उभं राहायचं, सगळं त्या पावलांखाली होतं. टोकाच्या दारावर तिनं कोपरानं ठोठावलं.

दार बोटभर उघडलं. फटीतून एक काळा चेहरा, फोटोतलाच, आणि त्यात तेच डोळे. एदिल्माला ओळखताच ते भीतीनं मोठे झाले.

"आता आणखी काय बघायचं राहिलंय?" नेरेइदानं विचारलं.

 पातेल्याची उष्णता तळहातांना चटके देत होती आणि ते खाली ठेवायला जागा नव्हती.

"बघायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "धरा जरा. हात भाजतायत माझे."

दार हळूहळू, आणखी थोडं, उघडलं.