कामाचा प्रकार : झोपणे

टेंट कितीही झटकला तरी घरी आल्यावर त्याच्या पिशवीतून थोडी माती निघतेच. वाळू, दोन मुंग्या, एखादं पान. आमचे किस्सेही असेच घरी आलेत, मुद्दाम कुणी गोळा केले नाहीत. पण आता ऊर्जानगरात, आमच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीत, कुणाच्या वाढदिवसाला गेलं, की केक कापायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, चंद्रपूरहून जवळ, फुकटातल्या कॅम्पिंगच्या जागा सांगा ना!" मी जागा सांगायला सुरुवात करते, आणि सांगते शेवटी माणसंच.

आम्ही चौघं. मी पॉवर स्टेशनच्या लॅबमध्ये पाणी तपासते. नवरा विलास कंट्रोल रूममध्ये. गेडाम इलेक्ट्रिकलचा, मूळचा गडचिरोलीच्या आतल्या भागातला, घरी गोंडी बोलणारा. आणि रामटेके भाऊ, बॉयलर मेंटेनन्सचे, आमच्यात सगळ्यात मोठे. वहिनी गेल्या त्या वर्षी त्यांना क्वार्टरमध्ये बसवेना, म्हणून त्यांनीच पहिला टेंट विकत आणला. चौघांची सुट्टी जुळली की निघायचं. जुळली नाही तर जुळवायची!

* * *

प्लांटमध्ये कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी लेखी परमिट घ्यावं लागतं. काम संपलं, माणसं बाहेर आली, हत्यारं मोजली, की परमिट रिटर्न. त्यानंतर साइटवर कुणी थांबायचं नाही. रामटेके भाऊंच्या अंगात हा नियम इतका मुरलेला, की त्यांनी कॅम्पिंगसाठीही एक परमिट-बुक तयार केलं. जुन्या डायरीवर पट्टीनं रेघा मारून.

पहिला कॅम्प सिंदेवाहीकडच्या एका गावतलावावर होता. भाऊ थेट पोलीस पाटलांच्या अंगणात गेले आणि डायरी उघडली.

पाटील म्हातारे होते. चष्मा लावून त्यांनी एकेक रकाना वाचला. "कामाचा प्रकार?"

"झोपणे," भाऊ म्हणाले.

"मानसं?"

"चार."

"मुदत?"

"उद्या सकाळी आठ."

पाटलांनी गंभीर चेहऱ्यानं सही केली. सकाळी आठला भाऊ परमिट रिटर्न करायला गेले, तर पाटील म्हणाले, "थांबा जी, आधी साइट पायतो." तलावावर आले. पाळ पाहिली, चुलीची जागा पाहिली, एक माचिसची काडी उचलून भाऊंच्या हातात दिली. मग टेंटमध्ये डोकावले आणि ताठ उभे राहिले.

"रिटर्न घेता येत नाई! एक मानूस अजून कामावरच हाये!"

विलास आत घोरत होता.

* * *

विलासचंच दुसरं. ताडोबाच्या बाजूनं येताना त्याला रस्त्याकडेला एक सपाट जागा दिसली आणि गाडी थांबवून तो खुंट्या ठोकायलाच लागला. एक फॉरेस्ट गार्ड सायकलवरून येत होता. उतरला. "साहेब, इथी नका लावू. वाघाचा रस्ता हाये."

विलासनं त्याला टेंटचं कापड चिमटीत धरून दाखवलं. "एकदम मजबूत आहे हो. वॉटरप्रूफ!"

गार्डनं कापडाकडे पाहिलं, विलासकडे पाहिलं. "साहेब, वाघ म्हणजे पाऊस होय काय?"

मग त्यानंच आम्हाला गावात नेलं आणि त्याच्या क्वार्टरच्या कुंपणाआड टेंट लावून दिला. त्याच्या बायकोनं करवंदाची चटणी वाढली. आम्ही आज हे किस्से सांगायला शाबूत आहोत, ते त्या माणसामुळे. तेव्हापासून जंगलात नाही, गावात. आणि गावाला विचारून.

* * *

ऊर्जानगरच्या माणसाला एक रोग असतो. वर्षानुवर्षं प्लांटच्या घरघरीत झोपल्यामुळे शांततेत झोप लागत नाही! सुरुवातीच्या कॅम्पांना आम्ही चौघंही सकाळी लाल डोळ्यांनी एकमेकांकडे बघत बसायचो. विलासनं उपाय काढला. मोबाइलवर प्लांटचा आवाज रेकॉर्ड केला आणि एटापल्लीकडच्या एका गावात छोट्या स्पीकरवर लावून दिला. छान झोपलो.

सकाळी टेंटसमोर पाचसहा माणसं उभी. चेहरे उतरलेले. त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "मशीन कुठी लावली साहेब? आमचा पन डोंगर खोदून राह्यले काय?"

सूरजागडच्या लोहखाणीकडे जाणारे ट्रक त्यांच्या रोजच्या डोळ्यांपुढचे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विलासनं घाईघाईनं मुठीएवढा स्पीकर बाहेर काढला, लावून दाखवला, बंद करून दाखवला. मग एक म्हातारेबुवा खो खो हसत सुटले. "शहरातल्या मानसाले झोपाले पन करंट लागते बाप्पा!"

ते हसले म्हणून आम्ही सुटलो. स्पीकर पुन्हा कधी नेला नाही. आणि आता शांततेतही झोपतो, विलास तर जरा जास्तच.

* * *

आता आमची सगळ्यात लाडकी जागा. गडचिरोलीत गेडामच्या आत्याचं, सोमीबाईचं घर आहे. घरामागे तिचं मोहाचं झाड. एका मार्चमध्ये गेडामची ड्यूटी होती आणि भाऊ नातेवाइकांच्या लग्नाला गेले होते, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायकोच निघालो. पोचलो तर घराला कडी. सोमीबाई शेजारच्या गावी लग्नाला. बाहेर थांबून आम्ही कंटाळलो. मागे पाहिलं, तर मोहाखालची जमीन अशी स्वच्छ झाडलेली, की एक काडी नाही! विलास म्हणाला, "बघ, आपल्यासाठी झाडून ठेवलंय. याला म्हणतात पाहुणचार!"

परमिट नाही, विचारपूस नाही. लावला टेंट.

पहाटे छपरावर टप, टप, टप. पाऊस समजून मी चेन उघडली, तर टेंटवर पिवळसर फुलांचा खच, आणि समोर टोपली घेऊन एक म्हातारी बाई, रात्रीच लग्नाहून परतलेली सोमीबाई. मोहफुलं पहाटे गळतात, ती मातीपाल्यात मिसळू नयेत म्हणून घरचे लोक झाडाखालची जागा झाडून ठेवतात, हे तेव्हा मला कुठे ठाऊक! तिच्या वर्षभराच्या मिठामिरचीला त्या फुलांचा आधार. त्यावर आम्ही अंथरूण पसरून मोकळे!

मी हात जोडले. विलास अर्धा आत, अर्धा बाहेर. सोमीबाई टेंटभोवती एक फेरी मारून आली. फुलं टेंटवरून घरंगळून कडेला साचली होती. तिनं टोपली लावली आणि ओंजळी ओंजळीनं भरली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज वाकावंच नाई लागलं जी. उद्या पन लावता काय?"

ऊर्जानगरला परतल्यावर गेडामनं कपाळाला हात लावला. "वहिनी, तुम्ही आमच्या आत्याच्या ताटात बिछाना टाकला!"

* * *

रामटेके भाऊंना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "परमिट नाई घेतलं?" पुढच्याच सुट्टीत आम्हाला घेऊन ते सोमीबाईकडे माफी मागायला गेले. तिला लिहितावाचता येत नाही, म्हणून सगळे रकाने वाचून दाखवले, अंगठा घेतला. रात्री टेंट तिनं सांगितलेल्या जागी, झाडाच्या फांद्यांपासून दूर. सकाळी फुलं वेचून झाल्यावर भाऊंनी तिच्या हातातला झाडू घेतला आणि मोहाखालची सगळी जागा स्वतः झाडली. सोमीबाई बाजेवर बसून सूचना देत होती. "कोपरा राह्यला, भाऊ. तिकडं. अजून तिकडं."

बॉयलरवर ज्यांच्या आवाजाला पोरं टरकायची, ते भाऊ निमूट कोपरे झाडत होते. वहिनी गेल्यानंतर इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर मोसमात ते तिथे. आम्ही असू नसू.

* * *

मग भाऊ रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. पुण्याहून मुलगा आला, चांगला पोरगा आहे, सामान बांधून घेऊन गेला. आम्ही तिघं म्हणालो, "भाऊ, चंद्रपुरातच खोली घ्या ना!" भाऊ हसले नाहीत. "माझं आता इथी काम काय? परमिट रिटर्न केलं. साइटवर थांबता येत नाई."

मुलाच्या पुण्यातल्या, दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून त्यांचे फोन यायचे. आधी रोज, मग आठवड्यातून एक. आवाज बारीक झालेला. मी विचारायची, "झोप लागते का?" ते विषय बदलायचे. मला भीती वाटायची, हा माणूस तिथे बसल्या बसल्या विझून जाईल.

मार्चमध्ये आम्ही तिघं सोमीबाईकडे गेलो. मोहाखाली नेहमीसारखी झाडलोट होती. पण त्यापासून दूर, भाऊंचा टेंट लागायचा त्या जागीही एक टेंटभर चौकोन झाडून ठेवलेला होता.

"मोठे भाऊ कुठी हायेत?" तिनं विचारलं.

गेडामनं बांधावर चढून रेंज पकडली, फोन लावला आणि तिच्या कानाला दिला. ती फोनवर ओरडूनच बोलते. "भाऊ, तुमची जागा रोज झाडून राह्यली मी! झाडू झिजला, तुम्ही काई आले नाई!"

फोन कट झाला. रेंज गेली की भाऊंनी ठेवला, कळेना.

चौथ्या दिवशी भाऊ चंद्रपूर स्टेशनवर उतरले. एका हातात मोठी बॅग. दुसऱ्या हातात, पेपरात गुंडाळलेला, पुण्याहून रेल्वेनं आणलेला कोरा झाडू!

"भाऊ, झाडू इथे मिळत नव्हता का?" विलास म्हणाला. भाऊ झाडू मांडीवर घेऊन गाडीत बसले.

तशीच गाडी सोमीबाईच्या गावी नेली. तिनं झाडू उलटासुलटा करून पाहिला, पदर खोचला आणि भाऊंचा तो चौकोन झाडायला लागली. भाऊंनी डायरी काढली. चष्मा बॅगेत तळाशी गेला होता, म्हणून लिहायला गेडाम बसला.

"कामाचा प्रकार, झोपणे. मानसं, एक." त्यानं आत्याकडे पाहिलं. "मुदत?"

सोमीबाईनं झाडता झाडता मान वर केली नाही.

"ते लिहू नको, बापू."