लाकडाला आलेला बुरा

आमच्या घरात सल्ल्याला कधी तोटा नसतो, परळीत वीजकेंद्राच्या राखेला नसतो तसा. रोज पुसा, रोज आहेच. मुलीच्या फिश टँकमधल्या लाकडाला बुरशी आली तेव्हा तर विचारूच नका.

टँक तिला मामानं दिलेला, आठवीत पहिली आली म्हणून. लाकूड मात्र तिनं स्वतः शोधलेलं. नागापूरच्या धरणाचं पाणी उतरलं तेव्हा काठाला एक वाकडंतिकडं मूळ उघडं पडलं होतं, ते तिनं उचलून आणलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यातही ते अर्धंच मावायचं, म्हणून आधी हे टोक उकळलं, मग ते. दोन दिवस माझा गॅस अडवून बसली होती. टँकला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा हुकूमच होता. टँकमध्ये ठेवल्यावर चौथ्या दिवशी लाकडावर शेंबडासारखी पांढरी बुरशी धरली.

नवरोबांनी काय करावं? फोटो काढला. ‘काचेत कपाशी आली बे!’ असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला आणि स्वतःच हसत बसले. झालं, सगळे शहाणे जागे झाले. एकानं तुरटी फिरवा म्हटलं, दुसऱ्यानं मूठभर मीठ टाका म्हटलं. चुलत दिरांनी खताचं दुकान काढलंय, तेव्हापासून ते स्वतःला शास्त्रज्ञच समजतात. त्यांनी डाळिंबावर मारायचं बुरशीनाशक सुचवलं. अहो, आत मासे आहेत! पण मासे फोटोत आले नव्हते, मग ते आहेत हे ह्या शास्त्रज्ञांना कळणार कसं? मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, दरवर्षी अकरावीच्या पोरांपुढं बुरशीवर घसा कोरडा करते. मला कुणी एका शब्दानं विचारलं असेल तर शपथ.

त्यातच थोरल्या ननंदबाई शिरूर कासारहून राहायला आलेल्या. कमरेवर हात ठेवून त्या टँकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी निकालच देऊन टाकला.

“बुरा उगंच येत नसतो. पोरीला अडचण कवा आली होती गं? तवाच हात घातला आसंल पाण्यात. अडचणीत हात लागला की आपले पापड न्हाई का लाल पडत? तसंच ह्ये.”

पोरगी तिथंच उभी होती, माशांच्या खाण्याची डबी हातात घेऊन. पाळी सुरू होऊन तिला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिनं डबी टेबलावर ठेवली. “पप्पा, तुम्हीच टाका,” म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी ती टँककडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. हुकूम सोडणारी माझी पोर लांबूनच माशांकडे बघत होती, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहाला सगळे बसले होते, तिथंच बोलले, “आक्का, अडाणीपणालाही काही हद्द असते. बुरा लाकडाला आलाय का तुमच्या डोक्याला, ते आधी बघा.” खोटं कशाला बोलू, बोलताना बरं वाटलं. लई बरं वाटलं. आक्कांनी कप तसाच खाली ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसल्या. नवरोबांनी फोनमध्ये तोंड घातलं. त्यांना तेवढंच जमतं.

मी मुलीला हाताला धरून टँकपाशी नेलं. लाकूड बाहेर काढून बादलीत ठेवलं आणि जुना टूथब्रश तिच्या हातात दिला. “घास,” म्हटलं. ती आधी बोटाच्या टोकानंच धरत होती.

“नव्या लाकडात थोडी साखर, थोडा चीक उरलेला असतो. बुरशी तो खाते,” मी सांगितलं. “तो संपला की तीही जाते. दोन-तीन आठवडे असं अधूनमधून घासायचं, बस. माशांना काही होत नाही. आणि तुझ्या पाळीचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही. कळलं?”

“कशाशीच नसतो?”

“कशाशीच नसतो.”

मग तिनं लाकूड मुठीत घट्ट धरलं आणि जोर लावून घासायला लागली. बुरशी सुटून बादलीभर पसरली. मला वाटलं, जिंकले.

“मग तुझी पाळी असली की लोणचं मला कशाला काढायला लावतेस?”

वर्गात द्यायची सगळी उत्तरं माझ्या तोंडाशी होती. त्यातलं एकही इथं चाललं नसतं. ते चार दिवस मी बरणीला हात लावत नाही. माहेरी लावला नाही, इथंही लावला नाही. का, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

“सवय,” मी म्हणाले. “लहानपणापासूनची सवय आहे ती.”

तिनं लाकूड उलटं केलं आणि दुसरी बाजू घासायला घेतली.

“आत्याची पण सवयच असंल की मग,” ती म्हणाली. “तिला एवढं कशाला बोललीस?”