पाठ करून ऐकणारे मास्तर

"खुर्ची फिरवा," असं मास्तर म्हणायचे, आणि कोणी उठायच्या आत स्वतःच ती फिरवून मोकळे व्हायचे. बँडच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून मानाने बोलावलेला हा माणूस वाजवणाऱ्यांकडे पाठ आणि मंडपाच्या पडद्याकडे तोंड करून बसायचा. नव्या माणसाला तो अपमान वाटायचा. मास्तरांचं म्हणणं एवढंच, "तोंड बघितलं की कान फितूर होतात."

माझा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा, धामणकर नाक्याजवळ. म्हणजे बँडवाल्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या जमातीतला मी. तरी मास्तरांना चहा माझ्याच दुकानातला लागायचा. उभं आयुष्य त्यांनी वरातीत ट्रम्पेट वाजवलं होतं. पुढचे दात पडले तसं ते थांबलं, कारण दातांशिवाय ओठांना जोर येत नाही. मग त्यांच्याकडे कान तेवढे उरले.

समोरून वरात जाऊ लागली की ते कप खाली ठेवायचे. एखादा ट्रम्पेटवाला झपाझप वरच्या सुरात चढायचा, पोरं शिट्ट्या मारायची, आणि मास्तर म्हणायचे, "जिना चांगला चढला. पण घरात कोण हाय ते न्हाय बघितलं." मी त्यांना चिडवायचो, "मास्तर, तुम्हाला खूश करायचं तर माणसाने वाजवायचं तरी कसं?" ते हसायचे. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. काय नको ते लगेच सांगतात, काय हवं ते विचारलं की चहा ढवळत बसतात.

त्यांचा धाकटा भाऊ जवळच्या दिघाशी गावात राहायचा. वडील लवकर गेले, तेव्हा त्याला मास्तरांनीच ट्रम्पेट शिकवलं होतं. पुढे त्याने स्वतःचा बँड काढला, पण आमच्यासारख्यांच्या डीजेने तो बँड पार टेकीला आणला. त्यातच त्याची बायको गेली. आमच्या मंडळाच्या स्पर्धेत जो पहिला येतो, त्याच्याकडे लग्नसराईच्या सुपाऱ्या आपोआप जातात. भावाला तो नंबर हवाच होता, नाहीतर बँड मोडणार हे सगळ्यांना दिसत होतं.

भावाचं नाव यादीत दिसताच मास्तर म्हणाले, "मी न्हाय बसणार." मंडळवाले हसले. "मास्तर, तुम्ही तर पाठ करून बसता. तुम्हाला काय कळणार, कोण कोण आहे?" शेवटी मास्तर बसायला तयार झाले.

माझा आवाजाचा मिक्सर पडद्यालगतच होता. त्यामुळे मास्तरांचा चेहरा अख्ख्या मंडपात फक्त मला दिसत होता.

आधी लूमवर कापड विणणाऱ्या एका कामगाराचा तरुण मुलगा वाजवून गेला. काय सांगू! पाण्यासारखं स्वच्छ. कितीही जलद गेला तरी एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. मास्तर डोळे मिटून मान हलवत राहिले.

मग भाऊ आला. त्याने श्वास घेतला, अजून सूर निघायचा होता, आणि मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ज्याला श्वास घ्यायला आपणच शिकवलं, तो पाठ केली म्हणून परका होतो थोडाच? त्याने पाठवणीचं संथ गाणं धरलं. मध्येच वरचा एक सूर फुटला, चक्क चिरकला. पण मंडपात कोणी हललं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मास्तरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

पहिला नंबर त्यांनी त्या तरुणाला दिला.

भाऊ पडद्यामागे आला. "दादा, तुझं डोळं अजून लाल हायत."

"मी तुझ्या बायकोसाठी रडलो," मास्तर म्हणाले. "ती गेली ते मला माहीत हाय, म्हणून मला ती ऐकू आली. ज्याला माहीत न्हाय त्याला काय ऐकू येणार? फुटलेला सूर."

भाऊ ट्रम्पेट उचलून निघून गेला. त्या वर्षी गणपतीलाही तो मास्तरांकडे आला नाही.

मास्तर मात्र रोज माझ्या दुकानात येऊ लागले. स्पर्धेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. "ते लाव," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. एकदा म्हणाले, "काही माहीत नसलेला माणूस पाहिजे रे." पण नाक्यावर ज्याला त्याला सगळं माहीत होतं.

तो माणूस आपल्या पायांनी आला. लेकीच्या हळदीला माइक ठरवायला एक बाई आली, नुकतीच या भागात राहायला आलेली. मास्तरांनी मला खूण केली. मी आधी त्या तरुणाचं लावलं. "बहुत साफ बजाता है," बाई म्हणाली आणि भाड्याची घासाघीस करू लागली. मग मी भावाचं लावलं. बोलता बोलता ती थांबली. सूर फुटला तरी थांबूनच राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "भाई, इसके घर में कोई गुज़र गया है क्या?"

मास्तर भिंतीकडेच बघत होते. मला त्यांच्याकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी ते दिघाशीला गेले आणि दुपारी परत आले. मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. बँड मोडला त्यानं. वाद्यं भंगारात घातली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, परक्या बाईला कळलं, आन् तुला न्हाय कळलं?"

त्यानंतर त्यांनी परीक्षकाचं काम घेतलं नाही. दुकानात यायचेही हळूहळू बंद झाले. वरात आली की दार लावून घेतात, असं शेजारी सांगायचे. मला फार वाईट वाटायचं. एवढ्या कडक इमानाचं माणसाने करायचं तरी काय?

थंडीत ते गेले. भाऊ आला, पुढचा खांदा त्याने धरला. दुसऱ्या बाजूला मी होतो. तो तरुण न बोलावता ट्रम्पेट घेऊन आला आणि पुढे चालत वाजवू लागला. तसंच स्वच्छ, कुठेही डाग नाही. चालता चालता माझे डोळे भरून आले. पाहिलं तर भाऊही रडत होता. आम्ही त्या पोराच्या सुरासाठी रडत होतो की मास्तरांसाठी, ते ठरवू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आमच्या खांद्यावर होता.