झाकण नसलेली बरणी

शैला गेल्याचा फोन तिच्या मिस्टरांनी केला. कावीळ अंगावर काढली, आठवड्यात खेळ आटोपला. दहाव्याला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेवढा तिचा विंचू घेऊन जाल का? घरात कुणी हात लावत नाही."

एम.एस्सी.ला असताना आम्ही दोघी एसटीने पेठच्या डोंगरात जायचो, विंचू शोधायला. दगड उचलायचा, खाली बघायचं आणि तो होता तसाच परत ठेवायचा, हा शैलाचा दंडक. मी आळस केला की ही बया तो दगड नीट ठेवायला अर्ध्या वाटेतून मागे फिरायची. डायनासोर आले नि गेले, विंचू मात्र जवळजवळ तसाच राहिला, याचं तिला फार कौतुक. खायला नसलं की तो महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो, म्हणून टिकला म्हणायची. याच विषयावर संशोधनासाठी तिला पुण्यात जागाही मिळाली होती. त्याच वर्षी लग्न झालं आणि सासऱ्यांना, नानांना, अर्धांगवायू. नानांचं थोडं मार्गी लागू दे, मग जाते... असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिली.

अंबडच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती रुंद तोंडाची बरणी होती. आत बांधकामाच्या विटांत सापडलेला विंचू, आणि वर झाकण नाही. मी घाबरले तर शैला हसली. "झाकण कशाला? काचेवर पाय ठरत नाहीत त्याचे."

एकदा न राहवून मी तिच्या मिस्टरांना बोलले, की हिला जाऊ द्या. माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, "मी कुठं अडवलंय? दार उघडंच आहे की." शैला नानांना पेज भरवत होती. तिने पुढचा चमचा भरला. त्या उघड्या दाराचा मला आजही राग येतो.

परवा बरणी घेऊन पेठ रस्त्याला गेले. शैलाच्या आजारपणापासून विंचवाला कुणी काही घातलं नव्हतं, तरी तो जिवंत होता. बरणी आडवी करायचा धीर होईना, म्हणून आत एक वाळकी काडी टेकवली. थोडा वेळ तो हललाच नाही. मग सावकाश काडीवर चढला, बाहेर आला आणि दगडाखाली शिरला.

एक काडी. एवढंच लागत होतं.

रिकामी बरणी माझ्या खिडकीत आहे. काडी मी आतच उभी ठेवली आहे.