बाबांची आठ दिवसांची दाढी

बाबा रोज सकाळी मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाला ठोकलेल्या खिळ्यावर आरसा अडकवून दाढी करायचे. शनिवारी करू नये असं आईचं म्हणणं, पण ऑफिस शनिवारीही असतं, असं बाबांचं उत्तर. एकच ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून ते पंधरा दिवस चालवत. शेवटी तुरटी फिरवायची. ते खेड्यातून नागपूरला येऊन कारकून झालेले. दाढीचे खुंट वाढलेल्या माणसाची फाइल साहेब नीट बघत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

माझा मोठा भाऊ तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात अप्रेंटिस होता. रविवारी घरी यायचा. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. त्याच्या मेसमधल्या सगळ्या पोरांनी दाढ्या ठेवल्या होत्या, म्हणून त्यानेही ठेवली. पहिल्यांदा दाढी घेऊन आला त्या दिवशी बाबा दुपारपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, “तुझा बाप जिवंत आहे गा अजून.”

आमच्यात घरातलं माणूस गेलं की पुरुष दहाव्यापर्यंत दाढी करत नाहीत. सुतकाच्या घरी कोणी पाणीही घेत नाही, मग लग्नाची बोलणी तर दूरच. वाढलेली दाढी म्हटली की बाबांना तेवढंच आठवायचं.

“कोणी मेलं नाही बाबा, ब्लेडचा कंटाळा आला,” भाऊ म्हणाला आणि त्याने आणखी एक पोळी घेतली.

त्याच वर्षी मार्चमध्ये बाबांच्या हनुवटीवर आणि गालावर उन्हाळी फोड आले. डॉक्टरांनी दहा दिवस ब्लेड लावायचं नाही असं बजावलं. बाबा तोंडाला रुमाल लावून ऑफिसला जायला लागले. दाढीचे केस निम्मे पांढरे आले, त्यामुळे ते आजारीच दिसत. कोणी विचारलं तर फोडांचं सांगायचीही त्यांना लाज वाटे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मला बघायला अमरावतीची माणसं येणार होती. मुलगा बँकेत होता. पसंती झाली तर लग्न मे महिन्यातच उरकायचं असं ठरल्यासारखं होतं. माझी बी.ए. फायनलची परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि मला पुढे एम.ए. करायचं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. शाळा-कॉलेजात इंग्रजी, घरी मराठी, आणि महत्त्वाचं काही बोलायची वेळ आली की मला दोन्ही भाषा सुचत नसत.

हे स्थळ आणणाऱ्या, ओळखीतल्या काकू धरमपेठेत राहायच्या. शुक्रवारी दुपारी त्या फाटकापाशी आल्या. मी बाहेर गेले, पण त्या आत येईनात. त्यांनी आदल्या संध्याकाळी बाबांना बर्डीच्या बाजारात, तोंडावरचा रुमाल घसरलेला, सायकलवरून जाताना पाहिलं होतं.

“गावाकडं कोणी गेलं काय?” त्यांनी हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “राहू दे बाई, आईले आवाज नको देऊ. पाव्हण्यांना मी कळवते. तेरावं झालं की बघू.”

“नाही हो काकू, फोड आलेत,” एवढंच म्हणायचं होतं. मी फाटकाची कडी धरून उभी राहिले. त्या गेल्या. आई आत चिवडा परतत होती. कोण होतं असं तिने विचारल्यावर मी सांगितलं, काकू होत्या, घाईत होत्या.

रविवारी कोणी आलं नाही. संध्याकाळी भाऊ सायकलने काकूंकडे जाऊन आला आणि त्याने हसत हसत सगळं सांगितलं. काकूंनी माझं नाव घेतलं नव्हतं, किंवा घेतलं असेल तर भावाने ते गाळलं. आईने कपाळाला हात लावला. बाबा हसले नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांनी आरसा खिळ्याला लावला. आठवाच दिवस होता. मी गरम पाण्याचा पेला घेऊन गेले तेव्हा एक गाल करून झाला होता आणि फेस गुलाबी झाला होता.

“ऑफिसच्या आधी काकूले तोंड दाखवून येतो,” ते आरशात बघत म्हणाले. “माझ्या तोंडापायी तुझं राहून गेलं.”

मी पेला कठड्यावर ठेवला आणि सांगितलं, की काकू शुक्रवारी फाटकाशी मलाच भेटल्या होत्या आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

बाबांचा हात थांबला. “काहून वं?”

“मला एम.ए. करायचंय.”

रेझर खाली ठेवून ते माझ्याकडे वळले. एका गालावर रक्ताचे ठिपके, दुसऱ्यावर पांढरा फेस.

“हे काल सांगितलं असतं, तर गाल तरी वाचला असता,” ते म्हणाले. मग त्यांनी रेझर पुन्हा उचललं. अर्ध्या दाढीने ऑफिसला जाता येत नव्हतं. संपल्यावर त्यांनी हात पुढे केला, मी तुरटी दिली. ती गालावर फिरवताना त्यांनी डोळे घट्ट मिटले.

ते काकूंकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी जेवताना बाबा आईकडे बघून म्हणाले, की एम.ए.चे फॉर्म कधी निघतात ते हिला कॉलेजात विचारून ठेवायला सांग.