दादाचं अत्तर-पान

गौलीगुड्याच्या बाजारात भाजीवाल्यानं विचारलं, "अम्मा, वकीलसाब नहीं रहे बोलके सुना, सच है क्या?" दादाच्या घरून निरोप यायच्या आधी बाजाराला कळलं होतं. दादा माझा थोरला भाऊ. हैद्राबाद विधानसभेत मराठवाड्याचा आमदार झाला, तरी शहराला तो वकीलसाबच राहिला. महिना झाला… आता कुठे लिहायला बसले आहे.

आमदारानं रस्ते, विहिरी बघाव्यात. दादा तेही बघायचा. पण एका मित्रदेशाच्या सरकारनं संप करणाऱ्या छापखान्यातल्या कामगारांना तुरुंगात डांबलं आणि दादाचं डोकं फिरलं. (देशाचं नाव लिहीत नाही, संपादक कापतील. दादानं मात्र खणखणीत घेतलं होतं.) तुरुंग खात्याच्या खर्चावर बोलायला उभा राहिला तो थेट समुद्रापलीकडे पोचला! सभापती म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी कृपया हैद्राबादेत परत यावं." सभागृह हसलं, दादा नाही. तो निजामाच्या जेलमध्ये असताना बाहेर कुणी मोठ्यानं कैद्यांचं नाव घेतलं, की त्या दिवशी काठी पडत नसे. हे त्यानं पाठीवर अनुभवलं होतं. "मैत्री देशाशी करा, त्याच्या जेलरशी कशाला?" असं तो म्हणे. त्याचं परराष्ट्र धोरण एवढंच, आणि मला ते आजही पटतं.

पुढे हैद्राबाद राज्याची वाटणी ठरली. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, पुढची निवडणूक तिकडून. तिकडचे एक पुढारी दादाच्या काचीगुड्याच्या घरी आले. "वकीलसाहेब, तिकीट तुमचंच. फक्त ते परदेशाबद्दलचे शब्द मागे घ्या, दिल्ली नाराज आहे." दादानं आत मला हाक मारली, "कमल, अत्तर-पान आण गं." मी चरकलेच. आमच्या हैद्राबादेत यजमानानं अत्तर-पान पुढे केलं, की पाहुण्यानं उठायचं असतं. इतक्या अदबीनं दार दाखवतात! पण पुढारी पडले तिकडचे. विडा मिळाला म्हणजे बोलणी पक्की, असं समजून त्यांनी दोन विडे तोंडात कोंबले, मनगटाला अत्तर चोळलं आणि खुशीत गेले. सकाळी पेपरात छापून आलं, दादानं शब्द मागे घेतले!

मी म्हटलं, "दादा, आता गप्प बस. तिकीट आयतं हातात आलंय." मला खरंच तसं वाटत होतं, त्यात लाज कसली? दादा म्हणाला, "आणि तिकडे तुरुंगात बसलेत त्यांनी काय समजायचं?" संध्याकाळी आबिड्सच्या सभेत त्यानं त्या देशाचं नाव पुन्हा घेतलं, पहिल्याहून मोठ्यानं. तिकीट गेलं. काळा कोट चढवून दादा मुकाट्यानं कोर्टात जाऊ लागला आणि मी कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

शेवटी दवाखान्यात, त्याच्या उशाशी बसून मी विचारलंच, "दादा, कधी वाईट वाटलं का रे?" त्यानं डोळे उघडले. मला वाटलं, तिकिटाबद्दल काही बोलेल…

"सुटले का गं ते लोक?"

"अजून नाही," मी म्हटलं. त्याच्यापुढे खोटं बोलणं मला कधी जमलंच नाही.

आता सकाळी पेपर आला, की मी आधी परदेशच्या बातम्या काढते. चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. ते सुटतील. त्या दिवशी काचीगुड्याला जाऊन त्याच्या रिकाम्या खोलीत ती बातमी मोठ्यानं वाचणार आहे.