पुढे चालणारे आजोबा

लेकीने लावून दिलेला गेम तसा गोड आहे. त्यातल्या खेड्यातली मांजरंसुद्धा ओळख ठेवतात. पण एका आजोबांना डोंगरापलीकडच्या देवळात पोचवायचं काम आलं आणि माझं डोकंच फिरलं. मी चालले की ते पुढे जातात, पळाले की मागे राहतात. बरोबरीने चालायचा वेगच या मेल्या गेममध्ये नाही.

आमचे हेही बाजारात पिशवी घेऊन असेच चार पावलं पुढे असायचे.

वळणावर आजोबा दिसेनासे झाले, तेव्हा तोंडातून निघून गेलं, “अहो, थांबा ना!”

हे गेल्यापासून या घरात मी कुणाला ‘अहो’ म्हटलं नव्हतं. लेक हळूच म्हणाली, “आई, आपण मागे राहिलो तर ते थांबत नाहीत गं.”